डोक्याचा मार, देहाचा दाह

मेंदूच्या आघाताचा विचार वैद्यकशास्त्र दोन भागांत करते. आघाताच्या क्षणी कवटीच्या आत जे फाटते, चेपले जाते किंवा ताणले जाते ती प्राथमिक इजा. आणि पुढच्या तासांत, दिवसांत व महिन्यांत शरीर त्या इजेला जो प्रतिसाद देते त्यातून मूळ जागेच्या बाहेर पसरत जाणारी हानी ती दुय्यम इजा. प्राथमिक इजा घडून गेल्यावर तिच्यावर कोणाचाही इलाज चालत नाही. हेल्मेट, सीटबेल्ट आणि गाडीचा आवरलेला वेग एवढेच तिचे उपाय, आणि तेही आधी करायचे असतात. उपचाराला जे क्षेत्र उरते ते सारे दुय्यम इजेचे आहे, आणि या दुय्यम इजेला कारण होणाऱ्या प्रक्रियांपैकी सर्वांत दीर्घकाळ चालणारी आणि अजूनही अर्धवटच उलगडलेली प्रक्रिया म्हणजे दाह. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच आहे, परंतु त्याचा आवाका कवटीपुरता मर्यादित नाही. फुप्फुस, मूत्रमार्ग, आतडे, त्वचा किंवा मोडलेले हाड अशा मेंदूपासून दूरच्या ठिकाणी उठलेला दाह मेंदूच्या सावरण्यात कसा आड येतो, आणि हिंगोलीसारख्या बहुतांशी ग्रामीण जिल्ह्यात या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग काय, हे दोन प्रश्न या विषयात एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

दाह म्हणजे इजा झालेल्या किंवा जंतूंनी ग्रासलेल्या ऊतीकडे रक्त, द्रव आणि संरक्षक पेशी धाडण्याची शरीराची व्यवस्था. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही तिची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदवली. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगून कोणत्या अवस्थेत शस्त्र लावावे आणि कोणत्या अवस्थेत हात आखडावा याचा विचार केलेला आहे. अवस्था ओळखूनच हस्तक्षेप करावा हा तो विवेक आधुनिक वैद्यकाला मेंदूच्या बाबतीत फार मोठी किंमत मोजून नव्याने शिकावा लागला, त्याची हकीकत पुढे येईलच.

मेंदू या व्यवस्थेपासून अलिप्त आहे, अशी समजूत बराच काळ रूढ होती आणि तिला आधारही होता. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पेशी आणि मोठे रेणू तेथून आत उतरू शकत नाहीत. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात. परंतु मेंदूला स्वतःचे संरक्षक दलही आहे. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रीओ-ओर्तेगा याने 1919 साली ज्या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव दिले, त्या आपल्या बारीक फांद्या हलवत भोवतालचा परिसर सतत चाचपत असतात. आघातात फुटलेल्या पेशींतून जे पदार्थ बाहेर सांडतात, विशेषतः पेशीचे इंधन असलेला एटीपी हा रेणू, त्यांची चाहूल लागताच त्या काही मिनिटांत इजेच्या दिशेने फांद्या पसरतात आणि सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडू लागतात. इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ ही त्यांतली प्रमुख नावे. त्यांच्या प्रभावाने अडसर सैल पडतो, काही तासांत रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यामागून काही दिवसांत मोनोसाइट आत शिरतात, आणि ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी फुगून जखमेभोवती व्रणाची कड बांधू लागतात. या हालचालींतून मृत पेशींचा कचरा उचलला जातो, जखम बंदिस्त होते, नव्या जोडण्यांना पोषक द्रव्ये मिळतात. आणि त्याच हालचालींतून आसपासच्या धडधाकट चेतापेशीही मारल्या जातात. एकच दल दोन्ही कामे करते, आणि विषयाची सगळी अडचण इथे आहे.

रुग्णालयाच्या दारात नातेवाइकांना जे वाक्य सर्वांत आधी ऐकायला मिळते ते म्हणजे ‘मेंदूला सूज आहे’. ही सूज मुख्यतः पाण्याची असते. कवटी हाडाची असल्यामुळे तिला पसरायला जागा नसते, आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा खुंटतो. सीटी स्कॅनमध्ये ती दिसते आणि उतरली म्हणजे तेही दिसते. दाह मात्र सीटीत दिसत नाही. सूज उतरली म्हणजे मेंदू निवला असे मानून घराकडे निघालेल्या कुटुंबाला याची कल्पना नसते, आणि कल्पना देण्याइतका वेळही बहुधा कोणापाशी नसतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी 2011 साली पेट स्कॅन या तंत्राने आघात होऊन गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा काहींच्या बाबतीत आघाताला 17 वर्षे उलटून गेल्यावरही मायक्रोग्लिया चेतलेल्या अवस्थेत आढळल्या, आणि त्याही मूळ माराच्या जागेपासून दूर, थॅलॅमससारख्या खोल भागात. मृत्यूनंतर केलेल्या मेंदूच्या तपासणीतूनही 2013 साली असेच चित्र पुढे आले. अर्थात चेतलेली पेशी म्हणजे घात करणारीच पेशी, असे समजण्याची घाई करता येत नाही. त्याच संशोधनगटाने 2018 साली मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन मायक्रोग्लियांची चेतना कमी करून पाहिली; ती कमी झालीही, परंतु चेतातंतूंची झीज दर्शवणाऱ्या न्यूरोफिलामेंट लाइट या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण उलट वाढले. रुग्णसंख्या अवघी 15 होती, त्यामुळे त्यावरून नियम बांधता येणार नाही. तरी दाह दाबला की रुग्ण सुधारलाच पाहिजे या सरळ हिशेबाला त्या निष्कर्षाने तडा दिला.

मोठा धडा त्याआधीच मिळालेला होता. कॉर्टिकोस्टेरॉइड ही दाह शमवणारी सर्वांत प्रबळ औषधे, आणि डोक्याच्या गंभीर माराला ती देण्याची पद्धत तीन दशकांहून अधिक काळ जगभर चालत आली होती. तर्क निर्दोष वाटत होता: दाहामुळे हानी होते, स्टेरॉइड दाह थांबवते, म्हणून स्टेरॉइड द्यावे. क्रॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत या तर्काची प्रथमच पुरेशा मोठ्या संख्येवर परीक्षा झाली. 20,000 रुग्णांचे उद्दिष्ट ठेवून सुरू झालेली ही चाचणी 10,008 रुग्णांवर 2004 साली थांबवावी लागली, कारण मिथाइलप्रेडनिसोलोन मिळालेल्या गटात दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण 21.1 टक्के आणि न मिळालेल्या गटात 17.9 टक्के निघाले. याचा अर्थ इतकी वर्षे जगभरातील अतिदक्षता विभागांत, चांगल्या हेतूने आणि पाठ्यपुस्तकांच्या आधाराने, जी माणसे वाचली असती त्यांतली काही दगावली. पुढे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडूनही मोठ्या आशा बाळगल्या गेल्या, आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्या फोल ठरल्या. आज डोक्याच्या माराला दाहशामक म्हणून सरसकट स्टेरॉइड देऊ नये हे निर्विवाद आहे. तरीही ‘सुजेचे इंजेक्शन’ दिले नाही म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालणारे नातेवाईक आढळतात, तेव्हा दोष त्यांचा नसून ही माहिती मराठीत त्यांच्यापर्यंत पोचवली गेली नाही याचा आहे.

येथपर्यंतचे विवेचन मेंदूच्या आतले झाले. या विषयाचा जो भाग अधिक दुर्लक्षित आणि हिंगोलीच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा आहे, तो मेंदूच्या बाहेरचा. डोक्याला मार बसला की शरीराच्या इतर भागांतील संरक्षणव्यवस्था विचित्र रीतीने वागते: आरंभी रक्तात दाहाचे संदेशवाहक उसळतात, आणि पाठोपाठ, अनुकंपी मज्जासंस्था व तणावाची संप्रेरके यांच्या द्वारे, प्रतिकारशक्ती एकाएकी खालावते. ज्या रुग्णाला गिळता येत नाही, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, ज्याच्या नाकात अन्नाची आणि मूत्रमार्गात लघवीची नळी आहे, त्याची प्रतिकारशक्ती नेमक्या त्याच दिवसांत ढिली पडलेली असते. लाळ किंवा पातळ अन्न श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया म्हणूनच मेंदूच्या इजेनंतर इतक्या वेळा होतो. आतड्यांचे अस्तरही पाझरू लागते, आणि तेथील जंतूंचे अंश रक्तात उतरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

उलट दिशेचा प्रवास तितकाच महत्त्वाचा. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला की रक्तात चढणारे सायटोकाइन मेंदूपर्यंत पोचतात; काही अडसर सैल असलेल्या जागांतून, तर काही संदेश व्हेगस या लांबलचक चेतेच्या मार्गाने. निरोगी माणसाच्या मेंदूतही त्यामुळे ग्लानी, अरुची, अंगदुखी आणि अबोलपणा उत्पन्न होतो. ताप आलेले मूल खेळणे सोडून पडून राहते ते यामुळेच. परंतु ज्या मेंदूतील मायक्रोग्लिया एकदा आघाताने चेतून अर्धवट शांत झालेल्या असतात, त्या दुसऱ्या चिथावणीला अवाजवी तीव्रतेने प्रतिसाद देतात. या सज्जतेला इंग्लंडमधील ह्यू पेरी यांच्या संशोधनाने ठोस रूप दिले. अल्झायमर झालेल्या रुग्णांच्या 2009 सालच्या एका पाहणीत, ज्यांना मधल्या काळात शरीरात कुठेही जंतुसंसर्ग वा तत्सम दाहाचा झटका येऊन गेला त्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा झपाट्याने ढासळल्याचे आढळले. आघाताच्या रुग्णांबाबतही हेच घडते असे मानण्यास सबळ कारण आहे: ताप मेंदूची ऊर्जेची गरज वाढवतो, आणि इजा झालेल्या भागाला ती वाढीव गरज भागवता येत नाही. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याबरोबर मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि उंदरांवरील प्रयोगांत अशा जोडइजेने मेंदूतील दाह व सूज अधिक वाढलेली आढळली आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, घरी आल्यावर तीन आठवडे बरा चाललेला, हाक मारल्यावर मान वळवणारा रुग्ण अचानक सुस्त झाला, तोंडातला घास चघळत बसू लागला किंवा हात उचलेनासा झाला, तर ‘मेंदूचे परत काहीतरी झाले’ असे म्हणण्याआधी त्याची लघवी, पाठ आणि छाती पाहिली पाहिजे. माकडहाडावरचा रुपयाएवढा शय्याव्रण, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने कुजलेली त्वचा, किंवा गढूळ झालेली लघवी या गोष्टी मेंदूचे सावरणे महिनाभर मागे नेऊ शकतात. सीआरपी ही रक्तातील दाहाचा अंदाज देणारी चाचणी आता तालुक्याच्या प्रयोगशाळांतही होते. पण चाचणीच्याही आधी रुग्णाला कुशीवर वळवून पाठीला काही झाले आहे का ते पाहणे भागच आहे.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 11 लाख 77 हजार, आणि त्यांतले सुमारे 85 टक्के लोक खेड्यांत राहणारे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूरमार्गे तेलंगणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग 161 जिल्ह्याच्या मधून जातो. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि सोयाबीन-हळदीने भरलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या मात्र त्याच रस्त्यावर राहतात. देशभरात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. वाचलेल्यांपैकी किती जणांचा मेंदू पूर्वीसारखा राहिला, याची मोजदाद त्या आकड्यात नसते. जिल्ह्यातील गंभीर जखमीला 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून अनेकदा नांदेड गाठावे लागते, तेथे विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोलीचे स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाले. केंद्र सरकारच्या 2025 च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोखविरहित उपचार मिळू शकतात, आणि ही तरतूद मोलाची आहे. परंतु दाहाचे वेळापत्रक सात दिवसांचे नाही. आठव्या दिवसापासून पुढची सारी जबाबदारी, नळी, पाठ, गिळणे, व्यायाम आणि ताप यांसह, रुग्णाच्या पत्नीवर, आईवर किंवा सुनेवर येऊन पडते.

हिंगोलीत या विषयावर लिहायचे आणि हळदीला वगळायचे, हे शक्य नाही. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहिले आहे, हिंगोलीच्या बाजारात हळकुंडांचे ढीग लागतात. आणि हळदीतला पिवळा घटक कर्क्युमिन हा प्रयोगशाळेत दाहाचा शत्रू म्हणून जगप्रसिद्ध आहे. पेशीतील एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या मुख्य कळीला तो आवर घालतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2006 साली उंदरांना चार आठवडे कर्क्युमिनयुक्त खाद्य देऊन मग डोक्याला मार दिला, तेव्हा त्यांचा मेंदू इतरांपेक्षा चांगला तगला. हे वाचून शेतकऱ्याची छाती फुलावी यात नवल नाही, परंतु त्या प्रयोगातला ‘आधी’ हा भाग सोयीस्कर रीतीने विसरला जातो: अपघाताच्या आधी चार आठवडे कोणी औषध घेत नाही. नंतर उरते ती पचनाची अडचण. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते, आणि तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात 1998 साली निरोगी माणसांना 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले असता रक्तात ते जेमतेम आढळले, आणि मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यावर मात्र प्रमाण कैक पटींनी वाढले. दुधातल्या चमचाभर हळदीतून मिळते ते या मात्रेच्या विसाव्या भागाएवढे. अमेरिकेतील औषधरसायनशास्त्रज्ञांनी 2017 साली शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा घेऊन, काटेकोर चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचे एकही उदाहरण नाही असा कडक निर्वाळा दिला. तो काहींना अतिकठोर वाटतो. डोक्याच्या माराबाबत मात्र त्याला खोडून काढेल असा पुरावा आजही नाही. शिवाय जास्त शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त गोठण्यात त्या अडथळा आणण्याची शक्यता असल्याने मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाला त्या परस्पर देणे धोक्याचे आहे.

या संदर्भात 1997 सालच्या विजयाचा उल्लेख हमखास होतो. हळदीने जखम भरते या उपयोगावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 साली अमेरिकेत पेटंट मिळाले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते रद्द करवले. त्या लढ्याचे मोल मोठे आहे, पण त्यात सिद्ध झाले ते एवढेच की हे ज्ञान नवे नाही. ते मेंदूच्या जखमेला लागू पडते की नाही, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. वसमतचे संशोधन केंद्र आणि हिंगोलीचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी एकत्र येऊन, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधी रीतसर नोंद करून, हळदीची प्रामाणिक चाचणी घेतली तर तिचा निकाल काहीही लागो, जिल्ह्याला तो भूषणावहच ठरेल. तोवर हळद भाजीत आणि दुधात असावी. तिच्यावर रुग्णाचा भरवसा टाकू नये.

मग दाहाविरुद्ध आज हाताशी काय आहे, असे विचारले तर उत्तर ओबडधोबड आहे. डोक्याच्या माराच्या रुग्णाला बसवून, गिळता येते की नाही हे तपासूनच भरवणे; दात आणि तोंड दिवसातून दोनदा स्वच्छ करणे, कारण तोंडातलेच जंतू फुप्फुसात उतरतात; दर दोन तासांनी कूस बदलणे; लघवीची नळी गरज संपताच काढून टाकणे; ताप अंगावर न काढणे; पुरेसे प्रथिन पोटात जाईल याची काळजी घेणे; आणि झोप मोडू न देणे. यांतल्या एकाही गोष्टीला महागडे औषध लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांना ‘उपचार’ हा मान मिळत नाही. वस्तुतः क्रॅश चाचणीतील स्टेरॉइडने जे साधले नाही, ते, म्हणजे मेंदूवर बाहेरून येणारा दाहाचा भार कमी करणे, या गोष्टींनी साधते. मेंदूच्या आतल्या दुरुस्तीला त्या हातही लावत नाहीत.

तेव्हा हिंगोली, नांदेड व परभणीच्या रुग्णालयांतील डॉक्टरांना आणि परिचारिकांना एवढीच विनंती आहे की, डोक्याच्या माराच्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या नावांखाली वर सांगितलेल्या काळजीची सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी, ती सांभाळणाऱ्या बाईला वाचून दाखवावी, आणि तिची एक प्रत गावच्या आशा सेविकेकडे पोचती करावी.